नववा दगड सुस्थितीत

हद्दीवरच्या त्या टेकडीवर अलीकडच्या बाजूनं सरकारी कामासाठी वर्षातून एकदा चढणारा माणूस एकच होता, बिनचूकराव. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, मोजणी खात्यातल्या लोकांनी पाडलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नोंदवहीत खोडलेला एक आकडा कुणाला सापडला नव्हता. भाजीवाल्याकडेही ते 'पाव किलो' म्हणत नाहीत, 'अडीचशे ग्रॅम' म्हणतात, असं कचेरीत सांगून लोक हसायचे. ते कधी चिडले नाहीत. उलट खऱ्या नावानं हाक मारली की वळून बघायला त्यांनाच वेळ लागायचा.

टेकडीच्या कण्यावरून दोन देशांची हद्द गेली होती. हद्दीवर सतरा दगड होते, गुडघ्याएवढे, चुना लावलेले, प्रत्येकावर काळा आकडा. दरवर्षी गवत पिवळं पडायच्या आधी अलीकडचा एक मोजणीदार आणि पलीकडचा एक असे दोघं माथ्यावर भेटायचे, एकेक दगड तपासायचे, नोंदीच्या दोन प्रती करायचे आणि दोन्हींवर सह्या करून आपापल्या बाजूला उतरायचे. "दगड काय कुठं पळून जातायत?" असं वरिष्ठ साहेब दरवर्षी विचारायचे. आणि दरवर्षी बिनचूकराव सांगायचे, "तेच बघायला जातो."

पलीकडचे मोजणीदार गेली अकरा वर्षं तेच होते. बोली एकच, फक्त हेल वेगळा. पहिल्या वर्षी दोघं चार सेंटिमीटरवरून तासभर भांडले होते. दुसऱ्या वर्षी पावसात एका छत्रीखाली उभे राहिले, आणि तिसऱ्या वर्षापासून डबे एकत्र उघडायला लागले. एकमेकांना ते 'शेजारी' म्हणायचे. गेल्या वर्षी बिनचूकरावांनी माथ्यावरून खाली बोट दाखवून सांगितलं होतं, "ते निळं छप्पर दिसतंय ना, पाण्याच्या टाकीजवळ? तिथं दिलीय माझी लेक." शेजाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरून ते छप्पर नीट बघितलं होतं आणि म्हणाले होते, "वा! म्हणजे आता तुमची लेक माझ्याच नजरेखाली आली की. काळजी सोडा."

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता बिनचूकराव त्याच निळ्या छपराखालून निघाले. लेक गावच्या दवाखान्यात नर्स होती. जावई दुधाची गाडी चालवायचा. गावातलं दूध पूल ओलांडून चाळीस किलोमीटरवरच्या शहरात पोचवायचं, हे त्याचं रोजचं काम. बिनचूकराव आदल्या दिवशी त्याच गाडीतून, रिकाम्या कॅनच्या खडखडाटात, इथे आले होते.

विहीणबाई दारात शेळ्या सोडत होत्या. बाई तोंडानं फटकळ, पण मनानं चोख.

"निघालात दगड मोजायला? मग जाता जाता माझ्या शेळ्याही मोजून या. दोन कमी भरतायत."

"कधीपासून?"

"झाले आठ दिवस. वर चरायला गेल्या त्या आल्याच नाहीत."

"लांडगा असेल."

"लांडगा आला असता तर बाकीच्यांनी ओरडून गाव गोळा केलं असतं." विहीणबाईंनी दोरी मनगटाला गुंडाळली. "आणि आता बाकीच्याही वर जायचं नाव घेत नाहीत. ओढल्या तर चारही पाय रोवून उभ्या राहतात. एवढं गवत समोर, आणि या इथं उकिरडा हुंगतायत. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?"

शेळ्या हा बिनचूकरावांचा विषय नव्हता. त्यांनी पाठीवरची पिशवी घट्ट केली आणि वाट धरली.

वाट सोपी होती. आधी कुंपण, मग झरा, मग वर माथ्यापर्यंत नुसतं गवत. झाड नाही, झुडूप नाही. गवत यंदा कमरेला लागत होतं. बिनचूकराव सवयीप्रमाणे पावलं मोजत चढत होते. हजार झाली की थांबायचं, पाणी प्यायचं, मागे वळून बघायचं, असा त्यांचा नेम.

पहिल्या हजाराला ते झऱ्यावर पोचले आणि पाणी प्यायला वाकले ते तसेच राहिले. काठच्या चिखलात बुटांचे ठसे होते. एकदोन नाहीत, पंधरावीस तरी असतील. माणसं वेगवेगळी असली की ठसे वेगवेगळे पडतात. कुणाचा तळ झिजलेला, कुणाची टाच आत वळलेली. इथे सगळ्यांचे तळ एकाच नक्षीचे, एकाच कारखान्यातून आलेले, आणि नवेकोरे होते. गावात असे बूट कुणाकडेही नव्हते. पाणी न पिताच ते उठले.

पुढे गवतात एक पट्टा आडवा झालेला दिसला. जनावरांची वाट वेडीवाकडी असते, ही सरळ होती. त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि पट्ट्याची रुंदी मोजली. दोन मीटर चाळीस. वीस पावलं पुढे जाऊन परत मोजली. दोन मीटर चाळीस. मुळाशी गवत चिरडून काळं पडलं होतं. पट्टा माथ्यावरून उतरत आला होता आणि टेकडीच्या एका खोलगट कुशीत शिरला होता. ती कुशी गावातून दिसत नसे. तिकडे जाऊन बघावं असं त्यांच्या मनात आलं, आणि का कोण जाणे, पाय तिकडे वळेनात.

आवाज म्हणून कुठेच नव्हता. दर वर्षी पलीकडच्या उतारावरून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. माथा दिसायच्या आधी त्याच ऐकू यायच्या, आणि बिनचूकराव मनात म्हणायचे, आलोच. आज वारासुद्धा धड वाहत नव्हता. गवताची टोकं पँटला घासत होती तेवढीच काय ती सळसळ.

दोन हजारावर त्यांना पहिली खुंटी सापडली. हातभर लांबीची लाकडी खुंटी, डोकं लाल रंगवलेलं, गवतात लपेल इतकी खोल ठोकलेली. त्यांचा पाय अडखळला नसता तर दिसलीही नसती. ते तिथेच उभे राहिले. मग होकायंत्र काढलं, खुंटीवरून उताराच्या रेषेत नजर लावली आणि पन्नास मीटर चालून गवत बाजूला केलं. दुसरी खुंटी तिथे होती. त्यापुढे पन्नास मीटरवर तिसरी. रेषा थेट खाली गावाकडे जात होती, पुलाच्या दिशेनं.

या कामातलं त्यांना सगळं कळत होतं. ठोकणाऱ्याचा हात सराईत होता, अंतर अचूक होतं. पण या खुंट्या त्यांच्या खात्याच्या नव्हत्या, आणि हद्द अजून चारशे मीटर वर होती. म्हणजे बाहेरचं कुणीतरी येऊन आपली टेकडी मोजून गेलं होतं. मागे फिरावं का? पण फिरून सांगणार काय, गवत दबलंय म्हणून? वर शेजारी असतील, त्यांना विचारू, असा विचार करून ते चढत राहिले. पावलांचा हिशेब मात्र चुकला. कितव्यावर होतो ते त्यांना आठवेना.

माथ्यावर, सातव्या दगडापाशी, शेजारी उभे होते. एकटे नव्हते. दगडावर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा, दाढी गुळगुळीत केलेली, अंगात शेजाऱ्यांसारखाच खात्याचा खाकी डगला. पण डगला घडीच्या रेघांसकट नवा होता आणि खांद्यात घट्ट होत होता. बूट झऱ्यावर दिसले होते तसले. हद्दीच्या दगडावर कुणी बसत नाही. मोजणीदार तर कधीच नाही.

"या साहेब," शेजारी म्हणाले. "प्रवास ठीक झाला?"

अकरा वर्षांत ते पहिल्यांदा 'साहेब' म्हणाले होते. बिनचूकरावांच्या ओठांवर आलेलं 'काय शेजारी' तिथेच विरलं.

"ठीक," ते म्हणाले. "हे कोण?"

"माझे नवे मदतनीस. काम शिकायला आलेत."

मदतनिसानं मान हलवली, उठला नाही. शेजाऱ्यांचा चेहरा वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. हनुवटीखाली दाढीचे पांढरे खुंट राहून गेले होते. हा माणूस टेकडीवर येतानाही दाढी करून, केस ओले करून विंचरून यायचा.

काम सुरू झालं. पहिल्या दगडापासून एकेक. शेजारी अंतर वाचायचे, बिनचूकराव लिहायचे, मग उलट. मदतनीस मागून चालत होता. त्यानं टेपला हात लावला नाही, वहीत डोकावला नाही. काम शिकायला आलेला माणूस दगडाकडे बघतो. हा खाली बघत होता, अलीकडच्या बाजूला.

"गाव छोटंसंच आहे," तो एकदा म्हणाला. आवाज मऊ होता. "किती घरं असतील?"

"तेवीस," बिनचूकरावांच्या तोंडून निघून गेलं. आकडा विचारला की खरा आकडा सांगायचा, ही जन्माची खोड. बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

"आणि तो पूल? दुधाची गाडी जाते म्हणे. त्याहून जड काही जात असेल?"

दुधाची गाडी या माणसाला कुठून माहीत? बिनचूकरावांनी टेप गुंडाळत वेळ काढला. "पुलाचं खातं वेगळं," ते म्हणाले. "मला दगडांचं तेवढं कळतं."

मदतनीस हसला. शेजारी हसले नाहीत.

नवव्या दगडापाशी ते पोचले आणि बिनचूकरावांची नजर जागच्या जागी खिळली. दगड तिथे नव्हता. नवव्याच्या जागी ताजा उकरलेला खड्डा होता, आणि दगड आठदहा पावलांवर अलीकडच्या उतारावर आडवा पडला होता, आकडा आभाळाकडे. गवताचा तो दबलेला पट्टा बरोबर या खड्ड्यावरून गेला होता.

शेजारी खड्ड्यासमोर उभे राहिले. घसा खाकरून, वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "दगड क्रमांक नऊ. जागेवर. सुस्थितीत."

बिनचूकरावांनी मान वर केली. शेजारी त्यांच्याकडे बघत नव्हते. ते वहीकडे बघत होते. मागे मदतनिसानं उजवा हात डगल्याच्या खिशात घातला आणि तो तिथेच ठेवला.

"लिहा साहेब," शेजारी हळूच म्हणाले. "सुस्थितीत."

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. कितीतरी वेळ थांबलं असं बिनचूकरावांना वाटलं, खरं तर दोनतीन श्वास. मग त्यांनी लिहिलं. 'क्र. ९, जागेवर, सुस्थितीत.' अक्षर त्यांचंच होतं. त्यांना ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

उरलेले दगड कसे झाले त्यांना कळलं नाही. सतराव्यापाशी दोघांनी दोन्ही प्रतींवर सह्या केल्या. डबे आज कुणी उघडले नाहीत. निरोपाला शेजाऱ्यांनी हात पुढे केला. तळवा घामानं ओला होता आणि त्यांनी बिनचूकरावांचा हात लवकर सोडला नाही.

"घरी सगळे बरे ना?" शेजारी मोठ्यानं म्हणाले, मदतनिसाला ऐकू जाईल असं. "तुमची लेक शहरातच असते ना, तुमच्यापाशी?"

बिनचूकरावांनी तोंड उघडलं. निळं छप्पर त्यांच्या पाठीमागे, खाली, उन्हात चमकत असणार होतं. शेजाऱ्यांना ते त्यांच्याइतकंच नीट माहीत होतं. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत त्यांनी बघितलं आणि तोंडात आलेलं उत्तर गिळलं.

"हो," ते म्हणाले. "शहरातच असते."

"मग रविवारी सकाळी सगळे घरीच असाल. एकत्र." शेजाऱ्यांनी हात आणखी घट्ट दाबला. "छान. रविवारी माणसानं आपल्या माणसांना जवळ घेऊन घरी असावं. शहरात. नाही का?"

"खरं आहे," बिनचूकराव म्हणाले.

"चला," मदतनीस म्हणाला. शेजाऱ्यांनी हात सोडला.

चढताना लागला त्याच्या दुप्पट वेळ उतरायला लागला, किंवा तसं वाटलं. पळायचं नाही, एवढंच ते मनाशी घोकत होते. पळालं की माणूस काहीतरी समजलाय हे मागच्याला समजतं. रोजच्यासारखं चालायचं. त्या खोलगट कुशीवरून जाताना त्यांनी मान वळवली नाही, पण वास आला. डिझेलचा, आणि त्याच्याखाली, गवतात, काहीतरी मेलेल्याचा. विहीणबाईंच्या शेळ्या त्यांना आठवल्या. पाठ सगळी घामानं चिकटली होती. कुंपण ओलांडल्यावर ते तडक दवाखान्याकडे वळले.

दवाखान्यातल्या फोनवरून त्यांनी कचेरीत फोन लावला. जे बघितलं ते क्रमानं सांगितलं, ठसे, पट्टा, खुंट्या, नववा दगड. शेजाऱ्यांचं बोलणं सोडून सगळं सांगितलं.

वरिष्ठ साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमच्या नोंदीत काय आहे?"

"साहेब, नोंदीत..."

"संयुक्त नोंद झाली ना आज? दोघांच्या सह्यांची? नववा दगड काय लिहिलाय?"

बिनचूकरावांनी डोळे मिटले. "सुस्थितीत."

"मग?" साहेब म्हणाले. "तुमच्याच अक्षरात, तुमच्याच सहीनं दगड सुस्थितीत आहे. आणि तुम्ही मला सांगताय की दगड उखडलाय. यातलं मी वर काय कळवू? अहो, हद्दीवरची गोष्ट आहे. उद्या वर्तमानपत्रात आलं तर तुमच्यासकट मीही घरी बसेन. विश्रांती घ्या. आणि गावात काही बोलू नका, अफवा पसरवल्याचा गुन्हा होतो."

फोन ठेवला तेव्हा लेक औषधांच्या कपाटाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, झालंय काय?"

त्यांनी सांगितलं. या वेळी शेजाऱ्यांचं बोलणंही सांगितलं. म्हणाले, "आजच निघ. जावयांना सांग, सासूला घे, आणि चला माझ्याकडे."

"असं कसं निघू? दोन बाया दिवस भरलेल्या आहेत. टाके काढायचे पेशंट आहेत. आणि एक माणूस 'रविवारी घरी असा' म्हणाला, म्हणून मी गाव सोडू? चढून दमलाय तुम्ही. चहा करते."

"मी खोटं लिहिलं," बिनचूकराव म्हणाले.

"काय?"

"दगड तिथं नव्हता. मी 'जागेवर' लिहिलं. सही केली."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी तिच्या वाढदिवसाची मेजवानी महिनाभर आधीच ठेवली होती, तेव्हा कुणी वय 'नऊ' सांगितलं म्हणून या माणसानं पाहुण्यांसमोर 'आठ वर्षं अकरा महिने, वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, आज नुसती मेजवानी आहे' अशी दुरुस्ती केली होती. तिनं हातातली बाटली कपाटात ठेवली. कपाट बंद करताना किल्ली तिला दोनदा फिरवावी लागली.

"तुम्ही खोटं लिहिलंत," ती म्हणाली. आणि मग दुसऱ्याच आवाजात, "दिवस भरलेल्यांना आधी न्यायला हवं. मी सांगून येते."

त्यानंतर तिनं बापाला काही विचारलं नाही. शुक्रवारी आणि शनिवारी ती घरोघर गेली. जे खरं होतं तेच सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं, एकानं कुत्रं सोडलं. गावाबाहेर राहणारा लोहार म्हणाला, "पोरी, माझ्या आजोबांच्या वेळेपासून ही हद्द झोपलेली आहे. तुझ्या बापाच्या स्वप्नानं जागी व्हायची नाही." शाळामास्तर म्हणाले, सोमवारी परीक्षा आहे. जावई गाडीच्या फेऱ्या मारत राहिला. कॅन उतरवले आणि माणसं भरली. दूध दोन दिवस नाल्यात ओतलं गेलं. शनिवारी अंधार पडायच्या आत चौदा घरं रिकामी झाली.

विहीणबाई मात्र हटून बसल्या. "शेळ्यांचं काय?" हा त्यांचा एकच सवाल. "त्यांना नेणार गाडीत? नाही ना? मग मी पण नाही. तुमच्या दगडांपायी मी माझी जनावरं उपाशी मारू? अहो व्याही, हद्दीचे दगड तुमचे. या शेळ्या माझ्या."

रविवारी उजाडता उजाडता जावई शेवटच्या फेरीसाठी परत आला. बिनचूकरावही हट्टानं त्याच्यासोबत आले होते. लेकीला शहरात ठेवून आले होते. गावात धुकं होतं. उरलेल्या नऊ घरांपैकी दोनतीन धुराड्यांतून धूर निघत होता. विहीणबाई गोठ्यात होत्या.

"आई, बस गाडीत."

"नाही म्हटलं ना."

जावई खाली वाकला, आईला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. विहीणबाईंनी एका हातानं त्याच्या पाठीवर चप्पल हाणायला सुरुवात केली. तोंडातून अशा शिव्या निघाल्या की एरवी बिनचूकरावांनी कानांवर हात ठेवले असते. त्यांनी धावत जाऊन गोठ्याचा अडसर काढला. शेळ्या बाहेर पडल्या, पण पांगल्या नाहीत. सगळ्या एका बाजूला, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, तोंडं टेकडीकडे. एकही ओरडली नाही.

बिनचूकरावांनी त्या बघत होत्या तिकडे बघितलं.

धुकं वर सरकत होतं आणि टेकडीचा खालचा उतार उघडा पडत होता. वारा अजिबात नव्हता. टाकीजवळच्या दोरीवरची कुणाची तरी चादर सरळ खाली लोंबत होती. पण टेकडीवरचं गवत हलत होतं. एका ओळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ओळ खाली खाली येत होती.

"चल," ते जावयाला म्हणाले. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर मूठ आपटली. "चल, चल, चल!"

मास्तरांच्या घरावरून जाताना जावयानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. लोहाराच्या दारात कुणीतरी उभं दिसलं. विहीणबाईंचा चप्पल धरलेला हात हवेतच राहिला; त्यांनीही मागच्या काचेतून ते गवत बघितलं होतं. गाडी पुलावर चढली. पूल ओलांडून पहिल्या वळणाला पोचली तेव्हा मागे पहिला आवाज झाला, मग एकामागून एक. पुलाला काही झालं नाही. पूल पलीकडच्यांना धड हवा होता, हे बिनचूकरावांना नंतर कळलं.

नऊ घरांतली काही माणसं पुलाखालच्या ओढ्याच्या पात्रातून चालत दोन दिवसांनी शहरात पोचली. मास्तर त्यांच्यात होते, त्यांची बायको नव्हती. लोहार आला नाही. त्याच्याबद्दल विचारलं की मास्तर नुसती मान हलवायचे. लढाई म्हणावी अशी लढाई झालीच नाही. दहा दिवसांत सगळं थांबलं, आणि टेकडी, गाव आणि पूल पलीकडच्यांच्या ताब्यात राहिले.

चौकशी झाली. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्याच्यासमोर ती नोंदवही उघडी होती.

"दगड सुस्थितीत असल्याची नोंद तुमची. आणि त्याच दिवसापासून गाव रिकामं करायला सुरुवात केली तीही तुमच्याच लेकीनं. तुम्हाला कुणी आधी सांगितलं होतं? पलीकडच्या कुणी?"

हे कागद कुठे कुठे जातात, कुणाच्या हातात पडतात, हे बिनचूकरावांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "कुणी काही सांगितलं नाही."

"मग कसं कळलं?"

"गवत दबलेलं दिसलं."

"आणि तरी 'सुस्थितीत' लिहिलंत? का?"

"चूक झाली," बिनचूकराव म्हणाले.

अधिकाऱ्यानं तेवढंच लिहून घेतलं. त्यांना नोकरीतून कमी केलं. चौदा घरांतल्या माणसांनी अर्ज दिला, त्याचा उपयोग झाला नाही. दिवस भरलेल्या दोघींपैकी एकीला मुलगा झाला, एकीला मुलगी. विहीणबाई शहरातल्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत उभ्या राहून खाली रस्त्याकडे बघत दिवस काढायला लागल्या. त्या आता फारशा कुणाला टाकून बोलत नसत, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचीच जास्त काळजी वाटायची.

हिवाळा संपता संपता नवी हद्द आखायला दोन्ही बाजूंचे मोजणीदार बसले. बिनचूकरावांच्या जागी आलेली मुलगी मनानं चांगली होती. बैठकीहून परतल्यावर ती मुद्दाम घरी आली. बिनचूकरावांनी तिला तिकडे एकच गोष्ट विचारायला सांगितली होती.

"विचारलं मी," ती म्हणाली. तिनं चहाचा कप हातात धरला, पण प्यायली नाही. "त्यांचे जे साहेब होते ना, पस्तीसचाळीसचे, दाढी गुळगुळीत केलेले, मऊ बोलतात. त्यांना विचारलं, तुमचे आधीचे मोजणीदार कुठे आहेत. ते हसले. म्हणाले, आधीचे कोण? या हद्दीवर आमच्या खात्याचा माणूस कधी नव्हताच."

"अकरा वर्षांच्या सह्या आहेत," बिनचूकराव म्हणाले. "आपल्या प्रतींवर. तू दाखवल्यास?"

"दाखवल्या. बघतो म्हणून त्यांनी प्रती ठेवून घेतल्या." मुलीनं खाली बघितलं. "परत दिल्या नाहीत, काका. मी मागितल्या दोनदा."

गॅलरीतून विहीणबाई आत आल्या आणि दारातच थांबल्या. लेकीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. बिनचूकराव उठले, कपाटातून कोरा कागद काढला, टेबलाशी बसले आणि शेजाऱ्यांचं नाव सगळं, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. त्याखाली पहिल्या भेटीची तारीख लिहिली, आणि मग एकेक वर्ष आठवत पुढे लिहायला लागले.